शिमोये

यौरीचा तांडा डोंगरापलीकडून आला तेव्हा
लामांच्या पाठींवर पिसांची गाठोडी होती,
कोकाची पानं होती, थोडा मध,
आणि एका करंडीत जिवंत मकाव,
थंडीनं मान टाकलेला.
"मेला तरी चालेल," यौरी म्हणाला,
"जगला तर मात्र पिसं पुन्हा उगवतात."

जगला.
मी मका चावून त्याला भरवला
आणि उगवलं ते उपटलं.
पाठीवरचं निळं, पोटावरचं पिवळं.
मायवा त्याला धरायची, तोंड फिरवून.
मला तोंड फिरवून चालत नव्हतं,
देठ मोडला की पीस वाया.

ओरडून झालं की तो दर वेळी म्हणायचा :
शिमोये.
बाईच्या आवाजात.
जंगलातल्या कुठल्यातरी बाईच्या,
हात कामात असलेल्या.

आमचं काम असं :
पिसाचा देठ सुतावर दुमडायचा,
दुसऱ्या सुतानं गाठ मारायची,
त्याला खेटून पुढचं पीस,
मधून फुंकरही जाऊ नये इतकं खेटून.
हातभर झालं की कापडाला टाचायचं,
खालून वर,
छपरावर गवत चढवतात तसं.
मोजायला वेगळा माणूस यायचा.
त्याच्या दोरीवर नुसत्या गाठी, पीस एकही नाही.
मला त्याचे आकडे आले नाहीत.
मी गाठीगाठीला म्हणायचे, शिमोये.
मग मायवा म्हणू लागली, मग तिची जाऊ,
मग आवारातल्या सगळ्याच.
आठ बायका, ऐंशी बोटं, एक शब्द.
एकदा पुजारी दाराशी थबकला.
त्याला वाटलं, मंत्र.
आम्ही मान खाली घातली. हसू लपवायला.

बत्तीस कापडं झाली.
उत्सवाच्या दिवशी चौकाच्या भिंतीवर टांगली,
निळ्याशेजारी पिवळं, पिवळ्याखाली निळं.
मक्याची दारू डोंगराला पाजली, मग माणसांना.
दुपारी पठारावरचा वारा आला
आणि म्हणे सबंध भिंतीच्या अंगावर काटा आला,
एकेक पीस उठलं, एकेक पीस बसलं,
आणि ढोलवाले वाजवायचे थांबले.
म्हणे.
मी मागे उभी होते,
पुढच्यांच्या डोईवरून
वरची काठ तेवढी दिसली,
जिथे पिसं नसतात. बांधायचे बंद असतात.

दिवस कलला तशी उतरवली.
गुंडाळून रांजणात घातली.
माणसाएवढे रांजण, गळ्यावर चेहरे रंगवलेले,
डोळे टक्क उघडे.
दोन पावसाळ्यांचं आमचं काम
खड्ड्यात उभं राहिलं,
आणि मायवा माझ्या कानात म्हणाली,
"आता हे बघणार कोण?"
मी तिला चिमटा काढला.
पुजाऱ्यानं तोंडांवर माती लिंपली,
हात वर केले,
आणि खड्ड्याकाठी वाकून, सावकाश,
जड आवाजात म्हणाला :
शिमोये.

पुढच्या साली यौरी आला.
मी विचारलं.
त्यानं हमालाला विचारलं, हमालानं
जंगलातून आणलेल्या आपल्या बायकोला.
ती पाण्याला वाकली होती, तशीच म्हणाली,
"काही नाही. झाकण ठेव.
मडक्यावर. माश्या बसतात ना."

मी मायवाला सांगितलं नाही.
पुजाऱ्याला तर नाहीच.
आवारात अजून त्याच शब्दावर गाठी पडतात,
दुसऱ्या उत्सवाच्या, दुसऱ्या खड्ड्याच्या.
माझे अंगठे आता वळत नाहीत,
म्हणून पक्षी माझ्याकडे दिलाय.
त्याला आता पिसं येत नाहीत.
लोकरीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवते,
उघडा पडला की थरथरतो.

काल दिवेलागणीला चुलीवर मका शिजत होता.
तो एकदम ओरडला,
तिच्या आवाजात, घाईनं.

आले गं, म्हणाले मी,
आणि उठले.